गुडघे टेकायचं बटण : 'चर्च ऑफ फूल्स'चं प्रकरण

ऑनलाइन खेळणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. खेळ जुना होतो, नकाशे बदलतात, एखाद्या रात्री सर्व्हर कायमचा बंद पडतो, पण क्लॅन, म्हणजे नेहमी एकत्र खेळणारी टोळी, राहतो. क्वेकवर जमलेली पोरं काउंटर-स्ट्राइकवर जातात, तिथून आणखी कुठेतरी. नावापुढचा टॅग तोच, शिव्या त्याच, रात्री दोनला 'उद्या ऑफिस आहे रे' म्हणून उठणाराही तोच. अमेरिकेत ख्रिस्ती पोरांचे क्लॅन निघाले, त्यांत एवढाच फरक होता की शिव्या चालत नसत आणि सामन्याआधी एखादी प्रार्थना व्हायची. बंदूक मात्र तीच. 2007 मध्ये अमेरिकेतली कित्येक चर्चेस पोरांना ओढण्यासाठी आपल्या सभागृहांत 'हेलो 3' हा गोळीबाराचा खेळ खेळायला देऊ लागली, तेव्हा 'हत्या करू नको' या आज्ञेचं काय, असा प्रश्न वर्तमानपत्रांनी विचारलाच.

हे प्रकरण याच्या उलट्या बाजूचं आहे. इथे खेळणाऱ्यांनी प्रार्थना आत आणली नाही, प्रार्थना करणाऱ्यांनी खेळ बांधला. 2004 साली ब्रिटनमध्ये काही लोकांनी एक त्रिमितीय चर्च उभारलं. त्यात माणसं बाहुल्या होऊन चालायची, बसायची, बोलायची आणि गुडघे टेकायची. नाव 'चर्च ऑफ फूल्स'. मूर्खांचं चर्च. जेमतेम चार-पाच महिने ते भरल्या स्वरूपात चाललं. तेवढ्यात तिथे जे घडलं, त्यावरून लोकांचं एकत्र येणं कसं टिकतं आणि कशाने मोडतं हे जितकं स्वच्छ दिसतं, तितकं मला दुसऱ्या कुठल्या क्लॅनच्या इतिहासात दिसलेलं नाही.

आधीची माणसं

नावाचा उगम सांगायला हवा. 'शिप ऑफ फूल्स' नावाचं एक छापील ख्रिस्ती मासिक 1977 मध्ये निघालं आणि 1983 मध्ये बंद पडलं. सायमन जेंकिन्स आणि स्टीफन गॉडर्ड यांनी ते 1 एप्रिल 1998 ला इंटरनेटवर पुन्हा चालू केलं. मुहूर्तच एप्रिल फूलचा. मासिकाचा स्वभाव खवचट, पण आतला. चर्चवर हसायचं ते चर्चच्या बाकावर बसूनच. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं सदर होतं 'मिस्टरी वर्शिपर'. यात एखादा अनोळखी माणूस रविवारी कुठल्याही चर्चमध्ये जाऊन बसतो आणि नंतर त्याचं परीक्षण लिहितो. उपदेश किती मिनिटं चालला, बाकं किती टणक होती, उपासनेनंतरची कॉफी कशी होती, कुणी आपणहून बोलायला आलं का. जाताना दानाच्या थाळीत एक कार्ड टाकून जायचं, म्हणजे पाळकाला (तिथल्या धर्मगुरूला) कळतं की आज परीक्षक येऊन गेला. बायबलमध्ये पॉल प्रेषिताने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात 'आम्ही ख्रिस्तासाठी मूर्ख' अशा अर्थाचं वाक्य आहे. त्यामुळे 'मूर्ख' ही त्या परंपरेत नुसती शिवी नाही, मानाचं पदही आहे.

इतरांच्या चर्चेसना वर्षानुवर्षं गुण देणारी ही मंडळी स्वतः चर्च बांधायला निघाली, हीच मला या गोष्टीतली पहिली गंमत वाटते. परीक्षकाने कढई हातात घ्यावी तसं.

मधला टप्पा 2003 चा. त्यांनी 'द आर्क' नावाचा एक इंटरनेट खेळ केला, टीव्हीवरच्या 'बिग ब्रदर'च्या धर्तीवर. नोहाच्या तारवात बारा खेळाडू. प्रत्येकाने बायबलमधलं एक पात्र घ्यायचं, चाळीस दिवस बाहुलीच्या रूपात तारवात राहायचं, कामं करायची, भांडायचं आणि प्रेक्षकांनी एकेकाला मतं देऊन बाहेर काढायचं. त्यातून त्या चमूला कळलं की पडद्यावरच्या ओबडधोबड बाहुल्यांमागची माणसं एकमेकांत खरोखरच गुंतू शकतात. तारू तयार होतं, ते बांधणारी लंडनची 'स्पेशलमूव्ह्ज' ही कंपनी ओळखीची झाली होती. आता चर्च बांधायचं ठरलं. ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चने, म्हणजे तिथल्या एका प्रोटेस्टंट पंथाने, पुरस्कृत केलं. मुदत तीन महिने. प्रयोग म्हणूनच.

मेथडिस्टांनी पैसे देणं आश्चर्याचं नाही. त्यांचे मूळपुरुष जॉन वेस्ली यांना जेव्हा चर्चचे दरवाजे बंद होऊ लागले, तेव्हा 1739 मध्ये ते ब्रिस्टलला उघड्यावर उभे राहून उपदेश करू लागले. लोक दगड मारत, ढोल वाजवून सभा मोडत. अख्खं जग हाच माझा पॅरिश (पाळकाकडे सोपवलेला इलाखा), अशा अर्थाचं त्यांचं वाक्य मेथडिस्टांच्या तोंडी अजून असतं.

इमारत

11 मे 2004. सरे परगण्यातल्या ईशर गावी, सँडाउन पार्कच्या घोडशर्यतीच्या मैदानावर ख्रिस्ती साहित्य-साधनांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे लंडनचे बिशप रिचर्ड चार्टर्स यांनी पहिला उपदेश केला. पडद्यावर त्यांची बाहुली प्रवचनपीठावर आणि शब्द डोक्यावरच्या फुग्यांत.

आत गेल्यावर जुन्या युरोपीय चर्चसारख्या गोल कमानी, बाकं, वेदी, पीठ. हे बघून कित्येकजण तेव्हा चिडले होते. संगणकावर काहीही बांधता आलं असतं. ढगात तरंगणारं, भिंती नसलेलं, कालपर्यंत कुणी न पाहिलेलं. मग दगडी कमानी कशाला? मला वाटतं इथे बांधणारे बरोबर होते. अनोळखी माणसाला अनोळखी जागेत नेलं की तो आधी जागा बघत बसतो. ओळखीच्या जागेत नेलं की त्याला आपोआप कळतं इथे बसायचं असतं, इथे हळू बोलायचं असतं. टिम हचिंग्ज या अभ्यासकाने पुढे या आणि अशा ऑनलाइन चर्चेसमध्ये दीर्घकाळ राहून अभ्यास केला. ओळखीचं रूप पुन्हापुन्हा का घेतलं जातं, हा त्याच्याही अभ्यासातला एक मुख्य धागा आहे. खाली तळघर होतं. तिथे खुर्च्या आणि शीतपेयांची यंत्रं. उपासना वर, गप्पा खाली. मिस्टरी वर्शिपरच्या कॉफीच्या रकान्याची ही जागा.

एका वेळी दिसणाऱ्या बाहुल्या जेमतेम तीस-पस्तीस. शॉकवेव्ह या तेव्हाच्या ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरला आणि तेव्हाच्या इंटरनेटच्या वेगाला त्याहून जास्त झेपत नसत. बाकीच्यांना आत यायला मिळे, पण भूत म्हणून. तुम्ही बघता, हिंडता, पण कुणाला दिसत नाही आणि बोलूही शकत नाही. चर्चमध्ये भुतं, हा विनोद करायची संधी कुणीच सोडली नसणार.

आणि मग बटणं. बाहुलीला चालवता-बसवता येत होतंच. शिवाय गुडघे टेकणं, क्रूसाची खूण करणं, दोन्ही हात वर करून हालेलूया, आशीर्वाद देणं, हात मिळवणं, आणि वैतागून स्वतःचे केस उपटणं. या यादीत केस उपटण्याचं बटण ठेवणारा माणूस चर्चच्या समितीच्या बैठकांना नक्की बसलेला होता.

बटणं ही सजावट वाटते, पण सगळं प्रकरण त्यांच्याभोवती फिरतं. लेखी गप्पांच्या खोलीत 'मी प्रार्थना करतोय' असं लिहावं लागतं. ते लिहिणं म्हणजे घोषणा झाली. इथे बटण दाबलं की तुमची बाहुली निमूट खाली बसायची. शेजारच्या अनोळखी बाहुलीला ते दिसायचं, आणि बऱ्याचदा तीही बसायची. कुणी काही बोललेलं नसायचं. बाहुली गुडघ्यावर गेली की खुर्चीवर आपणही जरा सावरून बसतो, असा अनुभव तिथे जाणाऱ्या अनेकांनी सांगितला आहे. खेळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्या पात्राला गोळी लागली की आपली मान मागे जातेच की. मग गुडघे टेकल्यावर काहीच होऊ नये, हे कुठल्या न्यायाने?

प्रभूच्या प्रार्थनेची वेळ आली की सगळ्यांनी एकदम टाइप करायचं. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना प्रत्येकाला आपापल्या चर्चच्या अनुवादात पाठ. कुणाला जुन्या इंग्रजीतली, कुणाला नव्या, कुणी आपल्या भाषेत. कुणाची बोटं जलद, कुणाची एकेक अक्षर शोधणारी. त्यामुळे पडद्यावर ओळी एकमेकींवर चढत, मागेपुढे होत, 'आमेन' कुणाचं आधी तर कुणाचं बऱ्याच वेळाने. खऱ्या चर्चमध्येही मागच्या बाकावरची म्हातारी नेहमी अर्ध्या ओळीने मागे असतेच. ठरवून बसवलेल्या कार्यक्रमात हा गोंगाट दोष म्हणून काढून टाकला गेला असता. इथे तो राहिला, आणि जे तिथे होते त्यांना नंतर नेमका तोच आठवत राहिला.

गर्दी

बातमी पसरली. एका 24 तासांत 41,000 भेटी नोंदल्या गेल्या. जरा भागाकार करून बघा. मिनिटाला सरासरी 28 माणसं दारात आणि आत जागा पस्तिसांची. म्हणजे आलेल्यांतली बहुतेक भुतंच.

आलेल्यांपैकी साधारण 2,400 जणांनी चर्चच्या प्रश्नावलीला उत्तरं दिली. त्यांत पुरुष 58 टक्के, तिशीच्या आतले निम्मे, आणि 39 टक्के लोक असे की जे एरवी नेमाने चर्चला जात नव्हते. ज्याला इंग्लंडमधल्या रविवारच्या चर्चची ओळख आहे त्याला हे आकडे उलटे टांगल्यासारखे वाटतील. तिथे बाकांवर बायका जास्त, केस पांढरे, आणि नवा चेहरा आला की सगळ्यांच्या माना वळतात. अर्थात प्रश्नावली भरणारे म्हणजे सगळे येणारे नव्हेत. पण इतका मोठा फरक नुसत्या नमुन्याच्या चुकीने पडत नाही. खेळासारखी दिसणारी जागा होती, म्हणून खेळणाऱ्यांच्या वयाची माणसं आली. आणि दारात नाव-गाव विचारायला कुणी उभं नव्हतं, म्हणूनही आली.

नाव न विचारणारं दार सगळ्यांनाच उघडं असतं. पहिल्या काही दिवसांतच लोक थेट पीठावर चढून शिव्या घालू लागले. कुणी सैतान असं नाव घेऊन यायचं. ओरडण्याची एक सोय ठेवलेली होती, म्हणजे तुमचं बोलणं सगळ्या चर्चभर दिसावं. भाबडेपणाने ठेवलेली ती सोय पहिल्यांदा कुणाच्या हाती लागली असेल हे सांगायला नको. एकजण गुडघ्यावर, त्याच्या डोक्यावर दुसऱ्याच्या घाणेरड्या शब्दांचा फुगा. असं दृश्य वर्तमानपत्रांना आवडलं, बातम्या झाल्या, आणि त्या बातम्या वाचून आणखी त्याच जातीचे लोक आले.

हे 2004 साल आहे, हे लक्षात ठेवायला हवं. फेसबुक त्याच फेब्रुवारीत एका अमेरिकन विद्यापीठाच्या वसतिगृहात जन्मलं होतं. ट्रोल हा शब्द खेळणाऱ्यांना आणि गप्पांच्या खोल्यांत बसणाऱ्यांना माहीत, बिशपांना नाही. आज कुठलाही नवशिका माणूस सर्व्हर काढताना आधी मॉडरेटर नेमतो. यांना ते दगड खात शिकावं लागलं. वेस्लींसारखंच. फरक एवढाच, की मैदानात दगड मारणाऱ्याचा चेहरा दिसतो.

वॉर्डन आणि ताडन

उपाय झाले ते असे. ओरडण्याची सोय काढून टाकली. पीठ आणि वेदीकडचा भाग येणाऱ्याजाणाऱ्यांना बंद केला. आणि वॉर्डनांच्या हाती एक बटण दिलं.

वॉर्डन म्हटलं की आपल्याला वसतिगृह आठवतं. इंग्लंडमध्ये चर्चवॉर्डन हे फार जुनं पद आहे. गावातलाच साधा माणूस, पाळक नव्हे. किल्ल्या सांभाळणं, हिशेब बघणं, दंगा करणाऱ्याला बाहेर घालवणं हे त्याचं काम. इथल्या स्वयंसेवक वॉर्डनांच्या बटणाचं नाव होतं 'स्माइट'. जुन्या करारात देव शत्रूंना जे करतो ते हे क्रियापद. मराठी बायबलात 'ताडन'. ते दाबलं की समोरची बाहुली चर्चमधून नाहीशी. विनोदी नाव आणि गंभीर अधिकार अशी जोडी या चमूला बरोबर जमायची. त्या नावामुळे वॉर्डन स्वतःला फार थोर समजायला लागण्याचा धोकाही कमी होत असावा, असा माझा तर्क.

पण वॉर्डनचं खरं काम ताडनाचं नव्हतं. दारात आलेला पोरगा खरोखर उपद्रवी आहे, की पहिल्यांदाच चर्च नावाच्या गोष्टीत शिरून बावचळलाय आणि म्हणून वेडंवाकडं बोलतोय, हे मिनिटभरात ओळखायचं होतं. 39 टक्क्यांतला एखादा माणूस पहिलं वाक्य 'देव वगैरे सगळं थोतांड आहे' असंच म्हणणार. त्याला उडवलं तर प्रयोगाचा मुद्दाच संपला. त्याच्याशी तळघरात जाऊन बोललं, तर कदाचित अर्ध्या तासाने तो स्वतःच्या आईच्या आजारपणाचं काहीतरी सांगायला लागतो. चांगल्या क्लॅनमध्ये असा एखादा माणूस असतोच. सगळ्यांत चांगला नेमबाज तो नसतो, पण नवीन आलेल्याच्या चुकीवर हसायचं की ओरडायचं हे त्याला कळतं. त्याच्यामुळे क्लॅन टिकतो, आणि त्याचं नाव गुणफलकावर कधी वर नसतं.

यात एक गणित कुणी नीट मांडत नाही, ते मी मांडतो. पस्तीस जणांची खोली दोन वॉर्डन आरामात सांभाळतील. पण ती खोली सारखी रिकामी होऊन भरत असेल, तर त्यांना पस्तीस माणसं नव्हे, दिवसाकाठी हजारो माणसं सांभाळायची असतात, प्रत्येक वेळी नव्याने. ओळख नसलेल्या माणसाला लाज नसते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. गर्दी मोठी होती ही अडचण नव्हती. तीच ती माणसं पुन्हा येत नव्हती, ही अडचण होती. शिवाय ब्रिटनची झोपायची वेळ म्हणजे अमेरिकेतली संध्याकाळ आणि ऑस्ट्रेलियातली सकाळ. चर्च चोवीस तास उघडं आणि वॉर्डन मात्र हाडामांसाचे.

हळूहळू मात्र एक गाभा तयार झाला. रविवारच्या संध्याकाळच्या मोठ्या उपासनेला पाहुणे उपदेशक यायचे, पण आठवड्यातल्या सकाळ-रात्रीच्या छोट्या प्रार्थना याच लोकांनी चालवायला घेतल्या. आयोजकांनी फारसं सांगितलेलं नसताना. प्रयोग करणाऱ्यांनी बांधलेलं चर्च कधी त्या पाच-पन्नास माणसांचं झालं ते कुणाला तारखेनिशी सांगता येणार नाही.

भाकर कुठून आणायची

एक गोष्ट तिथे केली गेली नाही : प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा संस्कार. बाप्तिस्माही नाही. आयोजकांनी संस्कारांच्या वाटेला जायचं टाळलं, आणि ते शहाणपणाचं होतं. व्हॅटिकनने 22 फेब्रुवारी 2002 च्या आपल्या दस्तऐवजात स्पष्टच लिहून ठेवलं होतं की इंटरनेटवर संस्कार नसतात. प्रोटेस्टंट मंडळी एवढ्या ठामपणे बोलत नसली, तरी भाकरी आणि द्राक्षारस तोंडात जावा लागतो, चित्रातला चालत नाही, हे त्यांनाही मान्य. पुढे 2010 मध्ये टिम रॉस नावाच्या मेथडिस्ट पाळकांनी ट्विटरवरून प्रभुभोजन करायचं जाहीर केलं, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या घरी भाकरी घ्यायची आणि शब्द ट्विटरवर वाचायचे. तेव्हा त्यांच्याच चर्चने त्यांना थांबायला सांगितलं, आणि ते थांबले. 2004 मध्ये ज्या चर्चने हा प्रयोग पुरस्कृत केला, तेच हे चर्च. प्रार्थना पडद्यावरून चालेल, भाकरी नाही, अशी रेघ त्यांनी तेव्हा आखली.

मराठीत वाचणाऱ्याला इथे एक शब्द अडतो, आणि अडायलाच हवा. नगर-जालन्याकडच्या प्रोटेस्टंट घरांत इमारतीला 'चर्च' किंवा 'देऊळ' म्हणतात, पण लोकांना 'मंडळी'. मराठी बायबलातला शब्दही तोच, ख्रिस्ताची मंडळी. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, म्हणून त्यांना वारंवार बजावावं लागतं की बाबांनो, चर्च म्हणजे इमारत नव्हे. आपल्याकडे तो वाद शब्दातच मिटलेला आहे, निदान कागदावर. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य यावेत, अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 ला टिळक गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. पण चर्चच्या चौकटीबाहेर उभा असलेला, आत यायला कचरणारा माणूस त्यांनाही दिसत होता. 'मूर्खां'च्या प्रश्नावलीतल्या त्या 39 टक्क्यांना टिळकांनी ओळखलं असतं. शॉकवेव्ह त्यांना समजावून सांगायला जरा वेळ लागला असता, एवढंच.

छप्पर काढल्यावर

तीन महिन्यांची मुदत थोडी ताणली गेली, पण सप्टेंबर 2004 च्या अखेरीस अनेकांनी एकत्र यायचं त्रिमितीय चर्च बंद झालं. कारण साधं : पैसे. सर्व्हर, सांभाळणारे, सुधारणा, सगळ्याला खर्च, आणि पुढच्या टप्प्यासाठी पैसे देणारा कुणी नव्हता. बातम्यांचा पूर आणि बँकेतला पैसा यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे त्यांनाही कळलं.

पूर्ण पाडलं मात्र नाही. एकट्याने जाण्यापुरतं ते उघडं ठेवलं. कमानी त्याच, बाकं तीच, गुडघे टेकायचं बटणही चालायचं. फक्त तिथे दुसरं कुणी नसायचं. खेळणाऱ्यांपैकी ज्यांनी बंद पडत चाललेल्या सर्व्हरवर रात्री एकटं हिंडून पाहिलंय, त्यांना ही जागा माहीत आहे.

आणि इथे क्लॅनची गोष्ट सुरू होते. इमारत गेली, तशी माणसं पांगायला हवी होती. ती पांगली नाहीत. लेखी गप्पांच्या एका खोलीत, जिथे ना कमानी ना बटणं, तिथे ती रोज जमत राहिली. रात्रीची प्रार्थना चालूच. 2006 मध्ये त्यातूनच 'सेंट पिक्सल्स' या नावाने नवी वसाहत उभी राहिली. मार्क हाऊ हे तिचे प्रमुख, आणि तिथलं गप्पांचं सॉफ्टवेअरही त्यांचंच. बाहुल्यांचं त्रिमितीय जग परवडणारं नव्हतं, तेव्हा साधं, सपाट, अक्षरांचं चर्च. माणसं अधूनमधून प्रत्यक्षही भेटू लागली, रेल्वेने येऊन, एकमेकांचे खरे चेहरे पहिल्यांदा बघत. ज्यांना आजारपणामुळे घराबाहेर पडता येत नव्हतं, त्यांना भेटायला काहीजण घरी गेले. पुढे 2012 च्या सुमारास हा सगळा पसारा फेसबुकवर गेला. त्रिमितीय चर्च, अक्षरांची खोली, स्वतःचं सॉफ्टवेअर, फेसबुक : चार नकाशे, एक क्लॅन.

सेंट पिक्सल्सने पहिल्या चुका सुधारल्या. आता नाव नोंदवावं लागे, आणि उपद्रव्यांचा त्रास जवळपास संपला. पण याची एक किंमत होती आणि ती मला महाग वाटते. दारावर वही ठेवली की वाट चुकून आत आलेला माणूस येत नाही. हचिंग्जच्या अभ्यासात दिसतं की ऑनलाइन चर्चेसमधले बरेचजण आधीपासूनचे श्रद्धाळू असतात आणि आपल्या गावातल्या चर्चलाही जातात. म्हणजे नवी मंडळी जमली ती मुख्यतः जुन्या मंडळीतूनच. पहिल्या वर्षीची भुतं, ती मिनिटाला अठ्ठावीस माणसं, कुठे गेली कुणाला माहीत. त्यांतला एखादा पीठावर शिव्या घालून गेला असेल, एखादा कुणाला न दिसता मागच्या बाकाजवळ उभा राहून प्रार्थना संपेपर्यंत थांबला असेल. दोघांची नोंद सारखीच : एक भेट.

आयोजकांनी पहिल्यापासून नोंदणी ठेवायला हवी होती का? बहुतेक शहाणी माणसं हो म्हणतील. मी नाही म्हणतो. ओरडण्याची सोय आणि उघडं पीठ ही खरी चूक होती. दार उघडं ठेवावं, पण ध्वनिक्षेपक कुणाच्याही हाती देऊ नये. पहिल्या आठवड्यात ही दोन्ही एकच गोष्ट वाटली, आणि नंतर सुधारणा करता करता दोन्ही बंद झाली.

नंतरची पोरं

या वाटेने पुढे बरेचजण गेले, बहुतेकांनी 'मूर्खां'चं नावही न ऐकता. 2004 मध्येच ऑक्सफर्डच्या डायोसीसने (बिशपच्या प्रांताने) 'आय-चर्च' काढलं होतं, बेनेडिक्टाइन मठांच्या शिस्तीवर बेतलेलं. सेकंड लाइफ या ऑनलाइन त्रिमितीय जगात अँग्लिकन कॅथेड्रल उभं राहिलं. 2011 मध्ये डॅनियल हेरन या अकरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळात मुलांचं चर्च सुरू केलं. वॉर्डनही मुलं आणि उपदेशकही. 2016 मध्ये मॅट सुझा यांनी ट्विच या खेळ थेट दाखवणाऱ्या साइटवर 'गॉडस्क्वॉड चर्च' काढलं, खेळ चालू असतानाच त्याच्या बाजूला देवाबद्दल बोलायचं. त्याच वर्षी डी. जे. सोटो यांनी डोळ्यांवर चष्मा चढवून जायचं व्हीआर चर्च सुरू केलं, आणि पाण्यात बुडवून बाप्तिस्मा तिथे बाहुलीला द्यायलाही सुरुवात केली. मेथडिस्टांनी आखलेली रेघ त्यांनी सरळ ओलांडली.

इकडे 'चर्च ऑफ फूल्स'ची ती रिकामी इमारत ज्या शॉकवेव्हवर उभी होती, त्याचा आधार अडोबीने 9 एप्रिल 2019 ला काढून घेतला.

त्यानंतर एक वर्ष आणि तीन दिवसांनी, 12 एप्रिल 2020 ला ईस्टर आला. इंग्लंडातली चर्चेस कुलूपबंद होती. मुंबईतलीही. कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी ईस्टरची उपासना लॅम्बेथ पॅलेसमधल्या आपल्या घराच्या स्वयंपाकघरातून केली, मागे कपाटं आणि फळांचं ताट. ते चित्रीकरण लाखोंनी आपापल्या फोनवर पाहिलं. सगळ्यांना तेच दिसलं, नीट ऐकू आलं, कुणी मधे ओरडलं नाही. शेजारी कोण गुडघ्यावर आहे हे मात्र त्यांतल्या कुणालाच दिसत नव्हतं.